नवख्याचे अडखळणे आणि आमची सोय

मराठीच्या एम.ए.च्या वर्गांत 'ख्रिस्तपुराण' शिकवले जाते, पण बायबल वाचले जात नाही. आमची तक्रार एवढीच आहे आणि ती प्रथम आमच्याविरुद्ध आहे. आम्ही तिघे गेली पंधरा-वीस वर्षे मराठी शिकवतो आहोत. एवढ्या काळात फादर थॉमस स्टीफन्स, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याविषयी आम्ही किती तास बोललो याचा हिशेब नाही. या साऱ्यांच्या हातात जे पुस्तक होते ते विद्यार्थ्याच्याही हाती द्यावे, असे मात्र आम्हांला सुचले नाही; आणि कधी सुचलेच, तर धीर झाला नाही. त्याऐवजी आम्ही टिपणे दिली. 'ख्रिस्ती मराठी वाङ्मयाची वैशिष्ट्ये' या मथळ्याखाली पाच मुद्दे: करुणा, क्षमा, सेवाभाव, साधी भाषा, पाश्चात्त्य प्रभाव. विद्यार्थ्यांनी ते पाठ केले, उत्तरपत्रिकेत उतरवले, आणि आम्ही त्यांना गुण दिले. पाचांपैकी एकही मुद्दा मूळ पुस्तकाच्या कोणत्या पानावर खरा ठरतो आणि कोणत्या पानावर साफ खोटा पडतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. प्रामाणिकपणे सांगायचे तर आम्हांलाही पुरते ठाऊक नव्हते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शनिवारी दुपारी आठ-नऊ विद्यार्थ्यांसह मराठी बायबल वाचायला बसलो. हेतू मर्यादित होता: 'ख्रिस्तपुराण' नीट समजावे. हा लेख त्या वाचनातून निघाला आहे. त्यात आमचा एकच दावा आहे. नवखा वाचक बायबल उघडतो तेव्हा जिथे जिथे अडखळतो, तिथेच त्या ग्रंथाच्या अभ्यासाला सुरुवात होते. आणि त्याने अडखळू नये म्हणून आपण ज्या ज्या सोयी उभ्या केल्या आहेत, त्या सर्व अभ्यासाच्या मुळावर येतात. या सोयी उभ्या करणाऱ्यांत श्रद्धावंत आहेत, संशयवादी आहेत, आणि साहित्याचे प्राध्यापक तर आघाडीवर आहेत.

नवख्याची पहिली गाठ पडते ती पुस्तकाच्या देहाशी. काळे वेष्टन, कांद्याच्या सालीसारखा कागद, पानावर दोन रकाने, आणि दर वाक्या-दोन वाक्यांमागे एक आकडा. एका विद्यार्थ्याने बसमधून आणताना ग्रंथाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले होते. का घातले, हे आम्ही विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. दुसरीच्या घरी, "परीक्षेला आहे का? मग कशाला?" असा प्रश्न झाला. तिसऱ्याने तक्रार केली की हे आकडे वाचू देत नाहीत. श्वास घ्यावा तर मध्ये खुंटी. ही तक्रार रास्त आहे. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे आकडे सोळाव्या शतकातले. मूळ लेखकांनी यांतले काहीही घातलेले नाही. हे आकडे संदर्भासाठी सोयीचे असतात. पण त्याच सोयीमुळे कोणतेही वाक्य कापून दिनदर्शिकेवर चिकटवता येते आणि त्याच्या मागचे-पुढचे वाक्य काय होते हे कुणी विचारत नाही. सोय आणि नुकसान एकाच दारातून कसे आत येतात, याचा हा पहिला धडा होता.

दुसरी गाठ शब्दांशी. येथे मराठीचा विद्यार्थी जितका गोंधळतो तितकाच धनवान होतो. पाचव्या पुस्तकाचे नाव 'अनुवाद'. सगळ्यांना वाटले, हे भाषांतराविषयी असावे. मग कोश उघडले गेले आणि 'अनुवाद' म्हणजे पूर्वी सांगितलेले पुन्हा सांगणे, हा शब्दाचा जुना अर्थ वर आला. नियमशास्त्र पुन्हा सांगणाऱ्या त्या पुस्तकाला तो नेमका बसतो. 'वल्हांडण' सणाचे नाव ऐकून प्रथम हसू आले. 'वलांडणे' म्हणजे ओलांडणे, आणि मृत्यूने इस्राएलांची घरे ओलांडून जाण्याची ती रात्र आहे, हे कळले तेव्हा हसू थांबले. 'मंडळी' हा शब्द तर आपण रोज वापरतो. येथे तो उपासकांच्या समुदायासाठी आहे. 'तारण' म्हणताच एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारले, "सर, जमीन तारण ठेवतात, तेच का?" आणि येशू आपला प्राण अनेकांसाठी 'खंडणी' म्हणून देतो, हे वाचून वर्ग स्तब्ध झाला, कारण आज खंडणी म्हणजे वर्तमानपत्रातल्या गुन्हेवृत्ताचा शब्द.

आता येथे शिक्षक काय करतो? तो घाईघाईने सांगतो, "तारण म्हणजे मोक्ष असे समजा, पुढे चला." आम्हीही तसेच सांगणार होतो. पण मोक्ष नाही ना म्हटलेले! 'मोक्ष' हा तयार शब्द उपलब्ध असताना भाषांतरकारांनी 'तारण' का स्वीकारला असेल? ऋण, गहाण, सोडवणूक ही बाजारातली आणि सावकारीतली रूपके त्या ग्रंथातही आहेत. शेतकऱ्याच्या मुलाच्या कानाला जे लागले ते शब्दाचे अपघाती साम्य म्हणून सोडून देण्यासारखे नव्हते. बुडणाऱ्याला तारणे आणि गहाण सोडवणे या दोन्ही अर्थांच्या सीमेवर तो शब्द उभा आहे. 'मोक्ष असे समजा' या एका वाक्याने आम्ही ती सीमा पुसून टाकली असती.

तिसरी आणि खरी गाठ मजकुराशी. पहिल्याच बैठकीत, 'उत्पत्ति'ची दोन पाने उलटली नाहीत तोच प्रश्न आला: माणूस दोनदा का निर्माण होतो? पहिल्या अध्यायात आधी पशुपक्षी आणि शेवटी मनुष्य, नर आणि नारी एकदमच. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग झाडे, मग पशू, आणि सर्वांत शेवटी स्त्री. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने आणखी एक गोष्ट टिपली होती. पहिल्या अध्यायात कर्ता 'देव' आहे, तर दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनापासून तो 'परमेश्वर देव' होतो. तिला वाटले, आपल्या वाचनातच काही चूक आहे. तिने क्षमा मागत प्रश्न विचारला.

१७५३ साली झां आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने निनावी छापलेल्या पुस्तकात याच प्रश्नाला हात घातला होता. ईश्वराची नावे बदलतात त्याअर्थी 'उत्पत्ति'च्या मागे निरनिराळी साधने असावीत, असे अनुमान त्याने मांडले. त्यानंतरच्या अडीचशेहून अधिक वर्षांचा बायबलचा साधनचिकित्सक अभ्यास त्या निरीक्षणाच्या खांद्यावर उभा आहे. आमच्या विद्यार्थिनीने आस्त्र्यूकचे नाव ऐकले नव्हते, हिब्रू तिला येत नव्हते. तिने फक्त सावकाश वाचले होते. जिला आम्ही 'बेसिक कच्चे आहे' म्हणून बाजूला सारले असते, ती विद्येच्या दारात उभी होती.

दुसरे उदाहरण अब्राहामाचे. बावीसाव्या अध्यायात देव त्याला एकुलत्या मुलाचा बळी मागतो. तो पहाटे उठतो, गाढवावर खोगीर घालतो, लाकडे फोडतो, निघतो. तिसऱ्या दिवशी डोंगर दिसतो. वर्गाचा प्रश्न: या तीन दिवसांत तो काय बोलला? काय विचार करत होता? आईला सांगितले की नाही? मजकुरात एक अक्षर नाही. मुलगा एकदाच विचारतो की अग्नी आणि लाकडे आहेत, पण कोकरू कुठे आहे. उत्तर मिळते तेही दोन ओळींचे. एक विद्यार्थी चिडून म्हणाला, "लेखकाला गोष्ट सांगता येत नाही." एरिख आउअरबाख याने इस्तंबूलमधल्या निर्वासित वर्षांत लिहिलेल्या आणि १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' या ग्रंथाचे पहिले प्रकरण नेमके या शांततेवर उभारले आहे. होमर सर्व काही उजेडात आणतो; हा कथनकार सारे अंधारात ठेवतो आणि त्या अंधारानेच वजन येते. 'मिमेसिस'चे नाव आमच्या टिपणांत होते. ज्या त्राग्यातून तसा ग्रंथ उगवतो, तो त्रागा मात्र आम्ही कधी वर्गात येऊ दिला नव्हता.

तिसऱ्या उदाहरणाने आमची झोप उडवली. 'लेवीय'चे यज्ञविधी आणि 'गणना'तली शिरगणती ओलांडून आम्ही 'यहोशवा'पर्यंत आलो. या वाटेवर नवख्यांचे पाय हमखास गळतात. इस्राएलच्या वंशांना देश वाटून दिला जातो. गावे, नद्या, शिवा यांच्या याद्याच याद्या. "हा तर सातबारा," असे कुणीतरी म्हणाले. मराठी बायबलमध्ये या वाटणीला शब्द आहे 'वतन'. एक विद्यार्थी बराच वेळ गप्प होता. त्याच्या पणजोबांच्या पिढीने महारकीचे वतन वागवले होते. १९५८च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली, ती त्याच्या घरच्या आठवणीतली गोष्ट होती. तो म्हणाला, "ज्यांना वतन मिळाले त्यांची यादी आहे. त्या जमिनीवर आधी जे राहत होते त्यांची यादी कुठे आहे?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. कनानी लोकांचे काय झाले, हा प्रश्न जगभरच्या वाचकांनी आणि धर्मचिंतकांनी त्या ग्रंथाला विचारला आहे. पण आमच्या पाच मुद्द्यांत 'करुणा' पहिल्या क्रमांकावर होती आणि 'यहोशवा' कुठेच नव्हता. विद्यार्थ्याने 'वतन' हा शब्द आपल्या इतिहासासह ऐकला म्हणून त्याला मजकुरातली भगदाड दिसली. ज्याने सारांश वाचला असता त्याला ती दिसली नसती. या ग्रंथात दास्यातून सुटलेल्यांची कथा आहे आणि जिंकणाऱ्यांचीही. दोन्ही एकाच जमातीच्या कथा आहेत. हा ताण सोसल्याखेरीज बायबल वाचले असे कुणी म्हणू नये.

आता सोयींकडे वळू.

पहिली सोय श्रद्धावंतांची. नवख्याला सांगतात: योहानाच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, 'लेवीय' तूर्त सोडा, रोज एक वचन घ्या, न समजेल तिथे प्रार्थना करा. उपासनेसाठी वाचणाऱ्याने कसे वाचावे हा त्याचा प्रश्न आहे आणि त्यात आम्ही नाक खुपसणार नाही. पण हा क्रम अभ्यासाचा क्रम म्हणून दिला जातो तेव्हा मात्र बोलणे भाग आहे. आमच्या गटात एक ख्रिस्ती विद्यार्थी होता. बाकीचे त्याच्याकडे जाणकार म्हणून पाहत आणि तो संकोचून जाई. शेवटी त्याने सांगितले की लहानपणापासून त्याने या ग्रंथातले निवडक उतारे शेकडो वेळा ऐकले आहेत, पण 'ईयोब' सलग कधी वाचलेला नाही. त्याला ईयोब ठाऊक होता तो सहनशीलतेचा पुतळा म्हणून. प्रत्यक्षात बेचाळीस अध्यायांपैकी सुरुवातीच्या दोन अध्यायांत ईयोब सोसतो आणि तिसऱ्यात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे कितीतरी अध्याय तो देवाशी भांडतो, खटला मागतो, उत्तर मागतो. त्या दिवशी आमच्यातला सर्वांत नवखा वाचक तोच होता, आणि सर्वांत अस्वस्थही तोच.

दुसरी सोय सुसंस्कृतांची. यांना बायबलमधले डोंगरावरचे प्रवचन आवडते, शेजाऱ्यावर प्रीती करा हे आवडते, प्रीतीविषयीचे पौलाचे प्रकरण आवडते. उरलेले पुस्तक त्यांच्या दृष्टीने ज्यूंचा जुना पसारा. ही मंडळी बायबलचा सुभाषितसंग्रह करतात आणि त्यालाच उदारमतवाद समजतात. एखाद्या ग्रंथातून आपल्याला आधीच पटलेल्या गोष्टी वेचून घेणे याला वाचन म्हणत नाहीत. जुना पसारा टाकला तर प्रवचनातला 'नियमशास्त्र' हा शब्दही अधांतरी राहतो.

तिसरी सोय भयभीतांची: वाचूच नका. वाचले की बाटले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०१९ साली साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा त्यांच्या धर्मगुरू असण्यावर आक्षेप घेतला गेला, हे आपण पाहिले आहे. ते जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. आक्षेप घेणाऱ्यांतल्या किती जणांनी त्यांचे 'सुबोध बायबल' उघडून पाहिले होते? ज्ञानेश्वरी शिकवण्यासाठी वारकरी व्हावे लागत नाही, लीळाचरित्र शिकवण्यासाठी महानुभावांची दीक्षा घ्यावी लागत नाही. या वर्गांत हा नियम मान्य असेल तर एकाच ग्रंथापुरता तो का मोडावा? याच नाण्याची दुसरी बाजू म्हणजे, विश्वास नसेल तर बायबल कळणार नाही, असे सांगणारे. दोघांचेही म्हणणे एकच: हा ग्रंथ साहित्याच्या वर्गासाठी नाही.

चौथी सोय आमची, आणि आमच्या मते ती सर्वांत वाईट. बाकी तिघे निदान ग्रंथाला भितात किंवा भजतात. आम्ही त्याला 'पार्श्वभूमी' करून टाकले. पार्श्वभूमी म्हणजे जिच्याकडे पाहायचे नसते अशी गोष्ट. ईयोबाचे मित्र आठवावेत. ते येतात, सात दिवस गप्प बसतात, तोवर ठीक असते. मग ते समजावू लागतात. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला तयार उत्तर आहे, नीट मुद्दे पाडलेले. शेवटी देव त्यांनाच म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. यथार्थ बोलला तो भांडणारा ईयोब. गाइड लिहिणाऱ्या आणि टिपणे देणाऱ्या आम्हा सर्वांना हा अध्याय भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

आमचा हा आग्रह परकीय वाटू नये. मराठी वाङ्मयाचा इतिहासच अशा नवख्यांनी भरलेला आहे. गोव्यात १५७९ साली आलेल्या स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्याच अवस्वरूत एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विचारतो. त्याचा आशय असा, की आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे तरी काय? या प्रश्नामागे पोर्तुगीज सत्तेची जबरदस्ती आहे आणि ती विसरून हे काव्य शिकवणे लबाडी ठरेल. पण स्टीफन्सने त्या ब्राह्मणाला प्रश्नोत्तरांची पुस्तिका देऊन वाटेला लावले नाही. त्याने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या आणि नवख्याचा प्रश्न ग्रंथाच्या दारातच ठेवला.

पंडिता रमाबाईंना कलकत्त्यात १८७८च्या सुमारास बायबलची संस्कृत प्रत मिळाली. त्या संस्कृतच्या पंडिता. तरी १९०७ च्या आत्मकथनात त्या लिहितात, त्याचा आशय असा: भाषा परकी वाटली, शिकवण परकी वाटली, वाचणे म्हणजे कालापव्यय वाटला, पण ते पुस्तक आपण टाकून दिले नाही. याच बाईंनी पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल अल्पशिक्षित बायकांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली निघाला. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी तो छापला. 'कळत नाही' पासून 'मीच भाषांतर करते' पर्यंतचा हा प्रवास चाळीसेक वर्षांचा आहे. आम्ही तो एका ओळीत सांगत आलो: 'रमाबाईंनी बायबलचा अनुवाद केला.'

नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय प्रवाशाने ते पुस्तक दिले. ते वाचत गेले, खुणा करत गेले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळून राहिले. रमाबाई अडल्या, टिळक खिळले. नवख्याचा अनुभव एकाच साच्याचा नसतो, हेही यातून दिसते. दोघांनीही कुणाच्या पाच मुद्द्यांतून वाचले नव्हते, एवढे मात्र समान.

आणखी एक गोष्ट. शुभवर्तमाने चार का, आणि चौघांत मेळ का नाही, हा नवख्याचा ठरलेला प्रश्न. मराठीच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी ज्यांच्या त्यांच्याकडून गोळा केल्या. आठवणीत भेद आला तेव्हा महानुभावांनी तो पुसला नाही, 'वासना' म्हणून नोंदवून ठेवला. एका विद्यार्थिनीने ही तुलना आपणहून केली, तेव्हा लीळाचरित्र आणि मार्क दोन्ही एकदम उजळले. तुटक प्रसंग, मध्येच सुरू होणारी संभाषणे, गुरूचे न उलगडणारे वागणे. मार्काच्या सर्वांत जुन्या पूर्ण हस्तलिखितांत शेवट होतो तो रिकाम्या कबरेपासून पळालेल्या आणि भीतीने कुणाला काही न सांगणाऱ्या बायकांवर. "पुढे?" असे वर्गाने विचारले. पुढच्या लेखनिकांनीही तेच विचारले आणि शेवट जोडला.

आमच्यावर येणारे आक्षेप आम्हांला माहीत आहेत. वेळ नाही, अभ्यासक्रम मोठा आहे: खरे आहे. पण पार्श्वभूमीच्या टिपणांवर जे चार-पाच तास जातात तेवढ्यात 'योना' सबंध आणि 'मार्क' बराचसा वाचून होतो. विद्यार्थ्यांची तयारी नाही: वरची उदाहरणे त्याच विद्यार्थ्यांची आहेत. अडखळून कंटाळलेला वाचक परत येत नाही: हा आक्षेप मात्र गंभीर आहे. आमच्या गटातूनही तिघे गळाले आणि त्यांना आम्ही दोष देत नाही. म्हणून भाषा सोपी करण्याला आमचा विरोध नाही. रमाबाईंनी आणि दिब्रिटोंनी तेच केले. नकाशा द्या, कोश द्या, कालपट द्या, 'परूशी' कोण आणि 'हेल्लेणी' म्हणजे ग्रीक, हे सांगा. वाटेल त्या पुस्तकापासून सुरू करा. भाषा सोपी करणे वेगळे आणि मजकूर सोपा करणे वेगळे. जे शब्दार्थाने सुटते ते सोडवून द्यावे; जे मजकुरातच गाठ म्हणून आहे, ते कापू नये.

मराठी बायबलमध्ये 'अडखळण' असा एक शब्द आहे. वधस्तंभावरचा ख्रिस्त यहूद्यांना अडखळण झाला, असे पौल लिहितो. म्हणजे त्याच्या मते तर अडखळणे हा वाचकाचा दोष नव्हेच. जे सांगायचे आहे त्याचाच तो गुण. विश्वास ठेवणाऱ्याने आणि न ठेवणाऱ्याने, दोघांनीही मान्य करावे असे हे साहित्यविषयक विधान आहे.

आमच्या सहाध्यापकांना आमचे सांगणे थोडके आहे. 'ख्रिस्तपुराणा'चा पहिला तास घेण्यापूर्वी 'उत्पत्ति'चे पहिले तीन अध्याय वर्गात मोठ्याने वाचा. 'अरुणोदय' किंवा 'स्मृतिचित्रे' शिकवण्यापूर्वी मत्तयाचे पाच ते सात अध्याय वाचा. वाचून झाल्यावर पाच मिनिटे गप्प बसा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याला विचारू द्या आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा.

आमची पाच मुद्द्यांची टिपणे आम्ही या वर्षापासून देत नाही. परीक्षेत 'वैशिष्ट्ये सांगा' हा प्रश्न पुन्हा येईल आणि आमच्या काही विद्यार्थ्यांचे गुण कमी होतील, हे आम्ही त्यांना आधीच सांगितले आहे. वतनाचा प्रश्न विचारणारा विद्यार्थी त्यावर म्हणाला, "सर, वैशिष्ट्ये मी लिहीन. पण सहावा मुद्दा माझा असेल." तो कोणता, हे त्याने अजून सांगितलेले नाही. तो सध्या 'शास्ते' वाचतो आहे.